सम्राटांनी ‘शरण’ हा शब्द उच्चारलाच नाही, मग लोकांना कळलं कसं?

प्रश्न असा आला आहे: मुलीच्या इतिहासाच्या पुस्तकात ‘१५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानच्या सम्राटाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली’ असं एक वाक्य आहे. दुसरीकडे असं वाचलं, की त्या भाषणात शरणागती हा शब्दच नाही आणि भाषा इतकी जुनी होती की सामान्य माणसाला काही कळलंच नाही. यातलं खरं काय धरायचं?

शब्द नाही हे अगदी खरं. ‘कळलंच नाही’ हे मात्र अर्धंच खरं आहे. मी पुण्यात अठ्ठावीस वर्षं जपानी शिकवते, दुभाषाचं आणि भाषांतराचं काम करते, आणि वरच्या वर्गाला दर पावसाळ्यात सम्राट हिरोहितो यांनी त्या दिवशी वाचलेलं हे आज्ञापत्र, म्हणजेच ते भाषण, मूळ भाषेत वाचायला लावते. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी त्या दुपारबद्दल. सकाळी सातच्या बातम्यांच्या वेळेला निवेदक तातेनो मोरिओ यांनी सांगितलं, की आज दुपारी बारा वाजता खुद्द सम्राट बोलणार आहेत आणि सर्वांनी ऐकावं. जिथे दिवसा वीज नसायची त्या भागांनाही त्या वेळेपुरती वीज देण्यात आली आणि प्रक्षेपणाची ताकद १० किलोवॅटवरून ६० किलोवॅटवर नेली. त्या दिवशीची सकाळची वर्तमानपत्रं छापून तयार होती, पण ती दुपारच्या प्रसारणानंतरच वाटायची असं ठरलं होतं. बाराच्या ठोक्याला निवेदक वादा नोबुकाता यांनी श्रोत्यांना उभं राहण्याची विनंती केली, माहिती खात्याचे प्रमुख शिमोमुरा हिरोशी यांनी दोन शब्द सांगितले, राष्ट्रगीत वाजलं आणि मग सुमारे साडेचार मिनिटं तो आवाज. प्रजेतल्या बहुतेकांनी तो आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला. जपानीत या प्रसारणाला ‘ग्योकुओन होसो’ म्हणतात. ‘ग्योकु’ म्हणजे जेड, रत्न, आणि ‘ओन’ म्हणजे ध्वनी.

तो आवाज थेट येत नव्हता, तबकडीवरचा होता. १४ ऑगस्टच्या रात्री साडेअकराच्या सुमारास राजवाड्याच्या आवारातल्या राजगृह खात्याच्या इमारतीत ध्वनिमुद्रण झालं. पहिल्यांदा आवाज खाली राहिला म्हणून सम्राटांनी स्वतःच पुन्हा वाचलं. एका तबकडीवर तीनेक मिनिटंच मावायची, म्हणून एका वाचनाला एकाहून जास्त तबकड्या लागल्या. दरबारातले तोकुगावा योशिहिरो यांनी त्या सम्राज्ञीच्या कार्यालयातल्या एका लहानशा तिजोरीत ठेवल्या आणि वर कागद रचून टाकले. त्याच रात्री मेजर हातानाका केंजी आणि त्याच्या साथीदारांनी शरणागती रोखण्यासाठी बंड केलं. राजरक्षक तुकडीचे सेनापती मोरी ताकेशी यांना ठार मारलं, त्यांच्या नावाने खोटे हुकूम काढले आणि दिवे विझवलेल्या त्या आवारात तबकड्या शोधत फिरले. त्या मिळाल्या नाहीत. पहाटे हातानाका रेडिओ केंद्रावर गेला आणि आपलं निवेदन वाचू द्या म्हणाला. तातेनो यांनी ते होऊ दिलं नाही. हवाई हल्ल्याचा इशारा चालू आहे, लष्कराच्या पूर्व विभागाच्या परवानगीशिवाय काही प्रसारित करता येत नाही, असं सांगितलं. बंड मोडलं. प्रसारणाच्या सुमारे तासभर आधी हातानाकाने स्वतःला संपवलं. युद्धमंत्री आनामी कोरेचिका यांनी त्याआधीच, पहाटे, सेप्पुकू केलं होतं, म्हणजे सामुराई रीतीने पोट चिरून घेऊन आत्महत्या. हा भाग सगळीकडे रंगवून सांगितलेला सापडतो, म्हणून इथे इतकाच पुरे.

आता भाषेकडे येते. हे आज्ञापत्र लिहिलंय ती बोलायची जपानी नव्हेच. जुन्या व्याकरणाची, चिनी शब्दांनी गच्च भरलेली, डोळ्यांनी वाचायची भाषा आहे ती. कल्पना करा, की घरातल्या जुन्या रेडिओवर खरखर चालू आहे आणि कुणीतरी ‘बहुत काय लिहिणे, आपण सुज्ञ असा’ या वळणाची, त्यात वर संस्कृत समासांची भर घातलेली सनद वाचतो आहे. वाचतो तेही एकदाच, आणि सुरुवातीला ‘चिन्’ म्हणतो. हे सम्राटाने फक्त स्वतःसाठी वापरायचं सर्वनाम. मराठीत त्याला राजेशाही ‘आम्ही’ चालतं, आणि आपल्या कानांना त्यातला रुबाब लगेच कळतो, हे भाषांतरकाराचं भाग्यच.

जपानीत आणखी एक अडचण आहे, ती मराठीत नाही. चित्राक्षर दिसलं नाही तर एका उच्चाराचे पाच-सात शब्द संभवतात. पहिल्याच वाक्यात ‘शूशू’ हा शब्द येतो. इथे त्याचा अर्थ परिस्थिती सावरून घेणे, पण नेमक्या याच उच्चाराचा गोळा करणे, संग्रह करणे हाही शब्द आहे. आणि सगळ्यात महत्त्वाच्या वाक्यात तर कानांची परीक्षाच आहे. अमेरिका, ब्रिटन, चीन आणि सोव्हिएत संघ यांची एकेक अक्षरी संक्षिप्त नावं सलग येतात: ‘बेइ-एइ-शि-सो’. आणि त्याला लागूनच ‘शिकोकु’, म्हणजे चार देश. पण शिकोकु हे जपानच्या चार मोठ्या बेटांपैकी एकाचंही नाव आहे! वर्गात मी मजकूर हातात न देता हा तुकडा ऐकवते तेव्हा चौथ्या वर्षाची मुलंही ‘मॅडम, शिकोकु बेटाचं काय म्हणतायत ते?’ असं विचारतात.

ते संपूर्ण वाक्य मराठीत असं होईल: ‘अमेरिका, ब्रिटन, चीन व सोव्हिएत या चार देशांस, त्यांच्या संयुक्त घोषणापत्राचा स्वीकार करीत असल्याचे कळविण्याविषयी आम्ही आमच्या सरकारास आज्ञा केली आहे.’

शरणागतीची सगळी बातमी या एका वाक्यात आहे, आणि ती किती लांबून दिली आहे पाहा. मुख्य क्रियापद ‘स्वीकारले’ हे नाही. ‘कळविले’ हेही नाही. मूळ शब्द ‘त्सूकोकु सेशिमेतारि’ असा आहे, म्हणजे कळवायला लावलं आहे. सम्राट सरकारला सांगतात, सरकार शत्रूला सांगतं, आणि जे सांगतं ते एका कागदाच्या स्वीकाराबद्दल. त्या कागदात काय आहे हे वाक्यात नाही. ते घोषणापत्र म्हणजे शत्रुराष्ट्रांनी जर्मनीतल्या पॉट्सडॅमहून काढलेलं २६ जुलैचं, आणि त्यात जपानी सैन्याने बिनशर्त शरण यावं अशी मागणी होती. ज्याला हे ठाऊक होतं त्याला वाक्य ऐकताक्षणी सगळं कळलं. बाकीच्यांच्या हाती ‘घोषणापत्र’, ‘स्वीकार’ एवढेच शब्द लागले.

मी शिकत असताना या वाक्याचं भाषांतर ‘आम्ही शरण येत असल्याचे’ असं केलं होतं. माझ्या शिक्षिकेने लाल पेनाने त्यावर काट मारली आणि विचारलं, ‘हा शब्द कुठून आणलास?’ मी म्हटलं, अर्थ तोच आहे. त्या म्हणाल्या, अर्थ तोच असूनही त्यांनी तो शब्द टाळला, मग तुला तो घालायचा अधिकार कुणी दिला? हा धडा मला आयुष्यभर पुरला आहे. आज्ञापत्राचं मराठी करताना ते सोपं करून सांगण्याचा मोह फार होतो, पण तसं केलं की त्यातला सर्वात बोलका भाग, म्हणजे जे टाळलं तेच, पुसलं जातं.

हा शब्द चुकून राहिलेला नव्हता. मसुदा मंत्रिमंडळाचे मुख्य सचिव साकोमिझु हिसात्सुने यांच्या हाताखाली तयार झाला, चिनी अभिजात वाङ्मयाच्या जाणकारांनी त्यावर हात फिरवला, आणि १४ ऑगस्टच्या दुपारी मंत्रिमंडळ त्यावर शब्दाशब्दाने भांडलं. एका जागी मसुद्यात ‘युद्धाची स्थिती दिवसेंदिवस बिघडत आहे’ अशा अर्थाचे शब्द होते. युद्धमंत्री आनामी अडून बसले: असं म्हटलं तर आजवरच्या लष्कराच्या सगळ्या निवेदनांचं काय, आणि रणांगणावर मेलेल्यांचं काय? नौदलमंत्री योनाइ मित्सुमासा यांचं म्हणणं होतं की हरत आहोत ते हरत आहोत, तसंच म्हणा. शेवटी आनामींचे शब्द राहिले: ‘सेन्क्योकु कानाराझुशिमो कोतेन सेझु’. जगभर हे वाक्य सौम्योक्तीचा नमुना म्हणून सांगितलं जातं. इतर भाषांत ते ओढूनताणून आणावं लागतं, पण मराठीत आपल्या एका ‘च’ने काम होतं: ‘युद्धाचे पारडे आमच्या बाजूस झुकलेच असे झाले नाही.’ हिरोशिमा, नागासाकी, जळून गेलेलं तोक्यो, पडलेलं ओकिनावा आणि चीनच्या ईशान्येकडच्या मांचुरियात घुसलेलं सोव्हिएत सैन्य, हे सगळं त्या एका ‘च’च्या पोटात घातलं आहे.

पराभवाची बातमी तो शब्द न वापरता सांगण्याची रीत आपल्यालाही अनोळखी नाही. पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांना गेला असं सांगितलं जातं त्या निरोपात दोन मोत्यं गळाली, मोहरा हरवल्या, रुपये-खुर्द्याची गणतीच नाही, अशी सावकारी भाषा होती. पण फरक मोठा आहे. तो निरोप वाटेत पत्र फोडणाऱ्याला कळू नये म्हणून तसा लिहिला होता, ज्याला लिहिला त्याला तो आरपार कळला. इथे ज्यांना उद्देशून बोललं जात होतं त्यांच्यापासूनच तो शब्द दूर ठेवला होता. परक्यांना मात्र सगळं स्पष्ट कळवलेलं होतं. वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १४ तारखेच्या संध्याकाळी सात वाजता जपान शरण आल्याचं जाहीर केलं. तोक्योत तेव्हा १५ तारखेचे सकाळचे आठ वाजले होते. शत्रूच्या देशात लोक रस्त्यावर येऊन नाचत होते, आणि जपानी माणूस अजून चार तासांनी ऐकायला उभा राहायचा होता.

मग लोकांना कळलं कसं? एक कारण म्हणजे वादा नोबुकाता. सम्राटांचं वाचन संपल्यावर प्रसारण थांबलं नाही. सगळं मिळून ते साधारण सदतीस मिनिटांचं होतं. वादा यांनी तेच आज्ञापत्र सरावलेल्या, स्वच्छ आवाजात पुन्हा वाचलं, आणि त्यानंतर पॉट्सडॅमचं घोषणापत्र काय आहे, ते कसं स्वीकारलं गेलं, हे बातम्यांच्या भाषेत सांगितलं. ‘कुणाला काही कळलं नाही’ ही गोष्ट सांगणारे बहुधा साडेचार मिनिटांशीच थांबतात. उरलेला अर्धा तास विसरला जातो, आणि समजावून सांगण्याचं काम त्या अर्ध्या तासानेच केलं. थोड्या वेळाने रोखून धरलेली वर्तमानपत्रंही हातात आली, आणि चित्राक्षरं डोळ्यांसमोर आल्यावर ‘शिकोकु’चा घोळही मिटला.

दुसरं कारण एक वाक्य. ‘ताएगाताकि ओ ताए, शिनोबिगाताकि ओ शिनोबि.’ साहता येत नाही ते साहून, सोसवत नाही ते सोसून. सगळ्या मजकुरात हा एवढाच तुकडा असा आहे की साध्या जपानी शब्दांचा आहे, लयीत आहे आणि लहान मुलाच्याही कानात राहतो. आजही जपानी माणसाला या भाषणातलं काय आठवतं विचारलं तर तो हेच म्हणेल. पण यातही एक खाच होती. मी नागोयाजवळ ज्या आजींच्या घरी राहत होते त्या १९४५ साली अकरा वर्षांच्या होत्या, शहरावरच्या बॉम्बहल्ल्यांमुळे खेड्यात पाठवलेल्या. त्यांनी मला सांगितलं, की हे वाक्य ऐकून त्यांना वाटलं, अजून सोसायचं आहे, म्हणजे अजून लढायचं आहे. चार वर्षं सोसा, सोसा असंच तर सगळे सांगत होते! शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या मामांना बातम्यांचा भाग ऐकून कळलं आणि घरी जाताना रस्त्यात त्यांनी सांगितलं. म्हणजे कळलं, पण सगळ्यांना एकाच क्षणी नाही. सगळे उभे राहून ऐकत होते तिथे काही जण सम्राटांच्या वाक्याला समजले, काही वादांच्या वाचनानंतर, आणि काही घराच्या वाटेवर.

याच ओळीला जोडून ‘येणाऱ्या असंख्य पिढ्यांसाठी महाशांतीचा मार्ग खुला करू इच्छितो’ अशा अर्थाचे शब्द येतात. ते अकराव्या शतकातले चिनी तत्त्वज्ञ चांग झाइ यांच्या वचनावरून घेतलेले आहेत. लेखणी किती उंचीची होती ते यावरून कळतं, आणि मी ते मनापासून मान्य करते. म्हणूनच त्यात काय गाळलं आहे ते विद्यार्थ्यांना दाखवणं मला जास्त गरजेचं वाटतं. आज्ञापत्र म्हणतं, की अमेरिका आणि ब्रिटनशी युद्ध पुकारलं ते स्वसंरक्षण आणि पूर्व आशियाच्या स्थैर्यासाठी, दुसऱ्यांचा प्रदेश बळकावण्याचा आमचा हेतू नव्हता. युद्धाला चार वर्षं झाली असंही म्हणतं. चार वर्षं मोजली तर आरंभ १९४१ मध्ये येतो. चीनवरचं १९३७ पासूनचं युद्ध त्या मोजणीत बसत नाही, आणि १९३१ पासूनचा मांचुरिया तर नाहीच. चीनचा उल्लेख चार विजेत्यांच्या यादीत एका अक्षरापुरता आहे. नानकिंगमध्ये किंवा कोरियात बसून हे भाषण वाचणाऱ्याला ‘महाशांती’ कशी वाटेल, हा प्रश्न मी वर्गात दरवेळी विचारते.

आपल्याला थेट लागू होणारंही एक वाक्य त्यात आहे. पूर्व आशियाच्या मुक्तीसाठी साम्राज्याला सहकार्य करणाऱ्या मित्रराष्ट्रांविषयी ‘इकान’ व्यक्त केल्यावाचून राहवत नाही, असं सम्राट म्हणतात. सिंगापूरमध्ये १९४३ च्या ऑक्टोबरात स्थापन झालेल्या आझाद हिंद सरकारला जपानने मान्यता दिलेली होती, त्यामुळे ऐकणाऱ्या हिंदी माणसाने ते वाक्य आपल्यालाही लावून घेतलं असेल तर नवल नाही. त्या सेनेचे चीफ ऑफ स्टाफ जगन्नाथराव भोसले हे सावंतवाडीकडचे. ‘इकान’ हा शब्द मला कामात आजही आठवड्यातून एकदा भेटतो. जपानी कंपनीचं पत्र येतं, माल उशिरा गेल्याबद्दल ‘इकान’ लिहिलेलं असतं, आणि इथले अधिकारी विचारतात, माफी मागितली का त्यांनी? नाही. खेद आहे, माफी नाही. १९४५ च्या त्या वाक्यातही तेवढंच आहे.

भाषांतराचा विषय निघालाच आहे तर ‘मोकुसात्सु’बद्दलही, कारण हा प्रश्न नेहमी पाठोपाठ येतो. पंतप्रधान सुझुकी कांतारो यांनी पॉट्सडॅमच्या घोषणापत्राबाबत हा शब्द वापरला, त्याचं भाषांतर चुकलं म्हणून अणुबॉम्ब पडला, अशी एक लोकप्रिय कथा आहे. शब्दाचा अर्थ ‘मौनाने मारणे’, म्हणजे दखलच न घेणे. तो संदिग्ध आहे हे मान्य. पण बॉम्ब वापरण्याचा लेखी हुकूम २५ जुलैला निघालेला होता, घोषणापत्राच्याही आदल्या दिवशी. एका शब्दाच्या भाषांतराने दोन शहरं गेली, ही कथा आम्हा भाषांतरकारांना फार मोठं करते आणि ज्यांनी निर्णय घेतले त्यांना लहान.

बॉम्बचा उल्लेख आज्ञापत्रात आहे. शत्रूने नव्या आणि क्रूर बॉम्बचा वापर केला, लढत राहिलो तर आपल्या वंशाचाच नव्हे तर मानवी संस्कृतीचाही नाश होईल, असं म्हटलं आहे. सोव्हिएत हल्ल्याचा उल्लेख मात्र नाही. आणि दोनच दिवसांनी, १७ ऑगस्टला, सैनिकांसाठी जे वेगळं आज्ञापत्र निघालं त्यात नेमकं उलट: सोव्हिएत संघ युद्धात उतरल्याचं कारण आहे, बॉम्बचं नावही नाही. प्रजेला एक कारण सांगितलं, फौजेला दुसरं. युद्ध नक्की कशामुळे थांबलं या वादात लोक एकच कागद पुढे करतात तेव्हा मला दुसरा आठवतो.

‘शरण’ हा शब्द शेवटी २ सप्टेंबरला आला, तोक्योच्या उपसागरात मिसूरी या युद्धनौकेवर परराष्ट्रमंत्री शिगेमित्सु मामोरु आणि सेनाप्रमुख उमेझु योशिजिरो यांनी सही केलेल्या दस्तऐवजात. १५ ऑगस्टला जपानमध्ये मात्र आजही ‘शूसेन’चा दिवस म्हणतात, युद्ध संपल्याचा. ‘हाइसेन’, म्हणजे युद्धात हार, हा शब्दही भाषेत आहे आणि काही लोक आग्रहाने तोच वापरतात. (आपल्या स्वातंत्र्याची तारीख ठरवताना माउंटबॅटन यांच्या मनात जपानच्या याच शरणागतीचा दुसरा वर्धापनदिन होता, असं त्यांनी पुढे सांगितलं. तेव्हा आपलं आणि त्यांचं १५ ऑगस्ट एकच आहे ते योगायोगाने नव्हे.)

ऐकायचं असेल तर २०१५ साली राजगृह संस्थेने मूळ तबकड्यांवरून काढलेलं ध्वनिमुद्रण खुलं केलं आहे, तेच ऐका. आधी वर्षानुवर्षं वाजत होती ती नकलेवरची आवृत्ती, आणि दोन्हींतला आवाज ऐकताना फरक जाणवतो. पहिल्यांदा मजकूर न बघता ऐका, दुसऱ्यांदा भाषांतर समोर ठेवून.

आणि मुलीला वहीत लिहायला वाक्य हवं असेल तर मी असं सुचवेन: ‘१५ ऑगस्ट १९४५ रोजी दुपारी सम्राट हिरोहितो यांनी रेडिओवरून पॉट्सडॅमचे घोषणापत्र स्वीकारल्याचे प्रजेला सांगितले, आणि त्यामुळे जपान शरण गेला.’ पुस्तकातल्या वाक्यापेक्षा हे थोडं लांब आहे. बाईंनी परीक्षेत गुण कापले, तर हे उत्तर त्यांना दाखवा.